जुने मर्क्युरी आणि सोडियम दिवे: गोव्यात संग्रह करणाऱ्यांसाठी

डिचोलीजवळच्या एका भंगाराच्या वखारीत मी जुने दिवे शोधत होतो, तेव्हा वखारवाले काका म्हणाले, "सर, बल्बाला भाव नाही, चोकाला आहे. त्यातलं तांबं निघतं." चोक म्हणजे दिव्यातला विजेचा प्रवाह आवरणारी, लोखंडावर तांब्याची तार गुंडाळलेली पेटी. त्यांच्या मागे फोडलेल्या चोकांचा ढीग पडला होता आणि दिवे एका गोणपाटात, निम्मेअधिक फुटलेले, कचऱ्यात जाण्याच्या वाटेवर होते. या छंदात पाऊल टाकणाऱ्याने ही गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. चोक तांब्यासाठी फोडला जातो, दिवा निरुपयोगी म्हणून फेकला जातो, आणि तो कोणत्या खांबावर किंवा कोणत्या धक्क्यावर जळत होता याची नोंद तर कोणीच ठेवत नाही. दिवा, त्याच्या मापाचा चोक आणि त्याचा ठावठिकाणा या तीन गोष्टी एकत्र राहिल्या तरच संग्रहाला अर्थ येतो असे माझे ठाम मत आहे, आणि पुढचे सर्व मार्गदर्शन त्याच दृष्टीने लिहिले आहे.

वेळही थोडा उरला आहे. २०१५ साली देशात राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम सुरू झाला आणि रस्त्यांवरचे सोडियम दिवे उतरवून एलईडी बसवण्याला वेग आला. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराने सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या उच्च दाबाच्या मर्क्युरी दिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवण्यासाठी २०२० ही मुदत ठरवली, आणि भारताने २०१८ साली त्या कराराला मान्यता दिली. गोव्यात याला आणखी एक कारण जोडले गेले. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा खाणींचे आवार, खनिज भरण्याचे धक्के आणि बार्जदुरुस्तीच्या गोद्या यांतले फ्लडलाइट वर्षानुवर्षे तसेच उभे राहिले, आणि त्यांतले बरेचसे नंतर भंगारात गेले.

पहिली पायरी: दिवा ओळखायला शिकणे

मर्क्युरी व्हेपर दिव्यात काचेच्या मोठ्या फुग्याच्या आत क्वार्ट्‌झची बोटाएवढी नळी असते. तिच्यात पारा आणि थोडा आरगॉन वायू असतो. दोन टोकांना टंगस्टनचे मुख्य इलेक्ट्रोड असतात, आणि त्यांपैकी एकाच्या शेजारी, रोधामार्फत जोडलेला, सुरुवातीचा बारीक इलेक्ट्रोड असतो. त्यामुळे या दिव्याला इग्नायटर, म्हणजे पेटवण्यासाठी जास्त व्होल्टांचा झटका देणारे उपकरण, लागत नाही, फक्त चोक लागतो. इंग्लंडमध्ये जीईसी कंपनीने १९३२ साली उच्च दाबाचा मर्क्युरी दिवा रस्त्यावर आणला, आणि पुढे फुग्याला आतून फॉस्फरचा पांढरा लेप देण्याची पद्धत आली. नुसत्या पाऱ्याच्या प्रकाशात लाल रंग जवळजवळ नसतो, आणि लेप ती उणीव काही अंशी भरून काढतो. लेप नसलेला, आरपार दिसणारा मर्क्युरी दिवा हाती लागला तर तो सोडू नये.

सोडियम दिव्याची गोष्ट वेगळी आहे. तापलेले सोडियम काचेला आणि क्वार्ट्‌झला खाऊन टाकते, म्हणून उच्च दाबाचा सोडियम दिवा बनवण्यासाठी आधी नळीचा पदार्थ शोधावा लागला. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी १९५० च्या दशकात प्रकाश आरपार जाऊ देणारी ॲल्युमिनाची सिरॅमिक तयार केली, तिला 'ल्युकॅलॉक्स' हे नाव मिळाले, आणि तिच्यापासून केलेले दिवे १९६० च्या दशकात बाजारात आले. सोडियम दिव्याच्या फुग्यात पेन्सिलीसारखी बारीक, दुधी पांढरी नळी दिसते ती हीच. तिच्यात सोडियम आणि पारा यांचे मिश्रण आणि सुरुवातीसाठी झेनॉन असतो. हा दिवा पेटवण्यासाठी इग्नायटर काही हजार व्होल्टांचे झटके देतो.

तिसरा प्रकार नवख्या माणसाच्या हाती सर्वांत आधी येतो आणि तोच सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. याला 'ब्लेंडेड' दिवा म्हणतात, आणि फिलिप्सच्या खोक्यावर त्याची खूण 'एमएल' अशी असते. त्यात पाऱ्याच्या नळीला टंगस्टनची तार जोडलेली असते आणि ती तारच चोकाचे काम करते, म्हणून तो थेट २३० व्होल्टांवर लागतो. आपल्याकडे १६० वॅटचा ब्लेंडेड दिवा जास्त दिसतो. साधा मर्क्युरी दिवा ब्लेंडेड समजून चोकाशिवाय लावला तर विजेचा प्रवाह आवरणारे काहीच उरत नाही आणि दिवा क्षणात फुटू शकतो. फुग्यात नळीभोवती तारेची वेटोळी दिसतात का, हे उजेडाकडे धरून पाहिल्याखेरीज कोणताही दिवा थेट जोडू नये.

खुणांची अक्षरे पाठ करून ठेवावीत. फिलिप्सच्या मर्क्युरी दिव्यावर एचपीएल किंवा एचपीएल-एन असते, ओसरामच्या दिव्यावर एचक्यूएल, जुन्या इंग्लिश दिव्यांवर एमबीएफ. सोडियमसाठी फिलिप्स 'सॉन' लिहिते आणि ओसराम 'एनएव्ही'. आपल्याकडच्या खोक्यांवर बहुधा सरळ एचपीएमव्ही (उच्च दाबाचा मर्क्युरी) आणि एचपीएसव्ही (उच्च दाबाचा सोडियम) असे छापलेले असते. लहान वॅटच्या सोडियम दिव्यांवर त्रिकोणात 'आय' किंवा 'ई' हे रोमन अक्षर शोधावे. 'आय' असेल तर इग्नायटर दिव्याच्या पोटातच आहे, आणि 'ई' असेल तर तो बाहेरून जोडायचा आहे.

दुसरी पायरी: संग्रहाला कुंपण घालणे

सगळेच जमवायला निघालेल्या माणसाचे घर दोन वर्षांत भरते आणि उत्साह ओसरतो. म्हणून सुरुवातीलाच एक सीमा आखावी. कोणी फक्त १२५ वॅटचे मर्क्युरी दिवे वेगवेगळ्या कंपन्यांचे जमवतो, तर कोणी फक्त भारतात बनलेले. माझा सल्ला विचाराल तर गोव्यात राहणाऱ्याने गोव्यात जळलेले दिवे जमवावेत: फेरीच्या धक्क्यावरचे, मासेमारीच्या जेटीवरचे, कारखान्याच्या शेडमधले, देवळाच्या आवारातले. परदेशी दिवा पैसे देऊन केव्हाही मागवता येईल. कुटबणच्या किंवा मालिमच्या जेटीवर ज्याच्या उजेडात मासळी उतरली, तो दिवा एकदा फुटला की पुन्हा मिळणार नाही.

तिसरी पायरी: शोध

सर्वांत चांगला साठा भंगारात नसतो, तर जुन्या इलेक्ट्रिकल दुकानांच्या माळ्यावर असतो. म्हापसा, मडगाव, वास्को आणि फोंडा इथल्या बाजारपेठांत दोन-तीन पिढ्यांची दुकाने आहेत. त्यांच्याकडे न विकलेला, खोक्यातला माल पडून असतो आणि मालकाला तो केव्हा आला हेही आठवते. अशा दुकानात गर्दीच्या वेळी जाऊ नये. दुपारी बंद होण्याच्या सुमारास जावे, आपण काय शोधतो ते नीट सांगावे, आणि माळ्यावर चढायची तयारी ठेवावी. माझ्या संग्रहातले सर्वांत चांगले तीन दिवे अशाच एका माळ्यावरून, वटवाघळांच्या विष्ठेखालून निघाले आहेत.

त्यानंतर क्रम लागतो तो निवृत्त वायरमनांचा. उतरवलेला चांगला चोक फेकून देणे त्यांच्या जिवावर येते, त्यामुळे अनेकांच्या पडवीत एखादी पेटी असतेच. त्यांच्याकडून दिव्यापेक्षा माहिती अधिक मिळते. औद्योगिक वसाहतींत शेडचे दिवे बदलण्याचे काम निघाले की ठेकेदाराला आधी भेटावे, कारण एकदा माल टेम्पोत पडला की दिवे फुटलेच म्हणून समजावे. भंगारवाल्याला मात्र आगाऊ सांगून ठेवावे की चोक तांब्याच्या भावाने, वर थोडे देऊन, घेईन. चोकाची किंमत मिळते म्हटल्यावर तो दिवाही जपून बाजूला ठेवतो.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. खांबावरचा दिवा, तो बंद पडलेला असो की लोंबकळत असो, वीज खात्याचा किंवा पंचायतीचा असतो. त्याला हात लावणे हा गुन्हा आहे आणि जिवाचा धोकाही. उतरवलेला माल हवा असेल तर लेखी अर्ज करावा आणि मिळालेला कागद दिव्याबरोबर जपून ठेवावा.

चौथी पायरी: पारखणे आणि घरी आणणे

या दिव्यांची पारख करताना मल्टिमीटर फारसा कामाला येत नाही, कारण थंड नळीतून प्रवाह जातच नाही. डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. आरपार फुग्यात मर्क्युरीची नळी दिसते. तिची टोके काळवंडलेली असतील तर दिवा बराच जळला आहे, आणि नळी स्वच्छ असून आत पाऱ्याचे बारीक मणी चमकत असतील तर तो जवळजवळ नवा आहे. सोडियम दिव्याच्या फुग्यात निर्वात पोकळी असते आणि टोपीजवळच्या (टोपी म्हणजे होल्डरमध्ये बसणारा धातूचा भाग) काचेवर आतून आरशासारखा डाग असतो. तो डाग चकचकीत किंवा काळसर असेल तर ठीक, पांढुरका झाला असेल तर आत हवा शिरली आहे. असा दिवा कधीही पेटवू नये, फक्त फळीवर ठेवावा. टोपी आणि काच यांच्यामधला सिमेंट सैल झाला आहे का हे टोपी हलकेच फिरवून पाहावे.

वाहतुकीबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगितला पाहिजे. वास्कोहून ४०० वॅटचा एक जुना सोडियम दिवा मी मोठ्या आनंदाने घेऊन निघालो, टॉवेलात गुंडाळून डिकीत आडवा ठेवला, आणि घरी येऊन पाहतो तर फुगा शाबूत, पण आतली नळी आधाराच्या तारेपासून तुटून खाली लटकलेली. रस्त्याचे धक्के काचेने सोसले होते, आतल्या जोडाने नाही. तेव्हापासून मी प्रत्येक दिवा टोपी खाली ठेवून उभा, जाड पन्हळी पुठ्ठ्याच्या नळकांड्यात, सगळीकडून गच्च पण न दाबता भरतो, आणि ती पेटी सीटवर पट्ट्याने बांधतो.

पाचवी पायरी: वय ठरवणे

भारतीय दिव्यांवर तारीख सरळ छापलेली फार क्वचित सापडते, त्यामुळे खोके हाच मुख्य पुरावा आहे आणि म्हणूनच रिकामे, फाटके खोकेही फेकू नये. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर खोके १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे आहे, कारण ती पद्धत त्या दिवशी सुरू झाली. इंग्रजी पत्त्यात बॉम्बे असेल तर ते बहुधा १९९५ च्या आधीचे, कॅलकटा असेल तर २००१ च्या आधीचे. अर्थात जुनी छापील खोकी कंपन्या काही काळ वापरत राहतात हे गृहीत धरावे. ऐंशीच्या दशकातल्या फिलिप्सच्या खोक्यांवर कंपनीचे त्या काळचे नाव 'पीको' आढळते. भारतीय मानकाचा क्रमांकही पाहावा: मर्क्युरीसाठी ९९००, सोडियमसाठी ९९७४.

आपल्याकडची खास खूण म्हणजे दुकानाचा शिक्का. पावतीवर किंवा खोक्यावर 'गोवा, दमण आणि दीव' असा उल्लेख असेल तर तो माल ३० मे १९८७ च्या आधी विकला गेलेला असण्याची शक्यता खूप मोठी आहे, कारण त्या दिवशी गोवा राज्य झाले आणि दमण-दीव वेगळे झाले. असा शिक्का असलेले खोके मी दिव्याहून कमी लेखत नाही.

एक सावधगिरी इथेच सांगतो. फुग्याच्या माथ्यावरची छापील अक्षरे पुष्कळदा ओल्या फडक्यानेही निघून जातात. स्पिरिट, साबण, पितांबरी यांतले काहीही लावू नये. आधी फोटो काढावा, मग कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी, आणि अक्षरांच्या जागेला स्पर्शच करू नये.

सहावी पायरी: पेटवणे

प्रत्येक दिवा पेटवलाच पाहिजे असे नाही. दुर्मिळ, न वापरलेला दिवा खोक्यातच राहू द्यावा आणि त्याच प्रकारचा वापरलेला दिवा पेटवण्यासाठी ठेवावा. पेटवायचाच असेल तर चोक त्याच प्रकारचा आणि त्याच वॅटचा हवा, याला पर्याय नाही. १२५ वॅटच्या मर्क्युरी दिव्यातून सुमारे १.१५ अँपिअर प्रवाह जातो, २५० वॅटच्या मर्क्युरीतून सुमारे २.१, तर २५० वॅटच्याच सोडियममधून सुमारे ३. म्हणजे वॅट सारखे असूनही चोक वेगळे आहेत. मर्क्युरीच्या चोकावर चालावेत म्हणून मुद्दाम बनवलेले ११०, २२० आणि ३५० वॅटचे सोडियम दिवेही होते. त्यांच्या खोक्यावर तसे लिहिलेले असते, आणि ते सापडले तर संग्राहकाने स्वतःला भाग्यवान समजावे.

हे सगळे एका पाटीवर बसवायचे, आणि मांडणी साधी असते. फेज आधी एमसीबीतून (प्रवाह जादा झाला की आपोआप तुटणाऱ्या बटणातून), मग चोकातून, मग दिव्याच्या मधल्या टोकाला. न्यूट्रल होल्डरच्या आट्याला. चोकामुळे पुरवठ्यातून ओढला जाणारा जादा प्रवाह कमी करणारा, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारण्याचा, कॅपॅसिटर पुरवठ्याच्या दोन तारांमध्ये बसतो. १२५ वॅट मर्क्युरीसाठी तो साधारण १० मायक्रोफॅरडचा असतो, २५० वॅट सोडियमसाठी ३२-३३ चा. सोडियमचा इग्नायटर दिव्याच्या जवळ असावा, कारण लांब तारेत त्याचा झटका विरतो. चोकाच्या लोखंडी अंगाला अर्थिंग द्यावे आणि पाटीच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) बसवावा. विजेच्या कामाची सवय नसेल तर ही पाटी परवानाधारक वायरमनकडून एकदाच नीट करून घ्यावी. कॅपॅसिटर पुरवठा बंद केल्यावरही भारलेला राहू शकतो, आणि फार जुना, तेल गळणारा कॅपॅसिटर तर वापरूच नये, कारण त्या तेलात पीसीबीसारखे घातक द्रव्य असू शकते. दिवा ज्यात बसवलेला असतो त्या जुन्या आवरणातली राखाडी, तंतुमय वेष्टणे ॲस्बेस्टॉसची असू शकतात. ती खरवडू नयेत.

सर्वांत मोठा धोका डोळ्यांना आहे. मर्क्युरी दिव्याची बाहेरची काच फुटली तरी आतली नळी जळत राहू शकते, आणि मग काचेने अडवले जाणारे तीव्र अतिनील किरण थेट बाहेर पडतात. काही मिनिटांत डोळे आणि कातडी भाजते, आणि त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून त्या वेळी कळतही नाही. फुग्याला तडा गेलेला दिवा कधीही पेटवू नये. पावसाळ्यात उघड्या सोप्यावर तर प्रयोग करूच नये, कारण तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंबही पुरतो.

हे सर्व सांभाळून संध्याकाळी दिवा पेटवला की जे दिसते ते शांतपणे पाहावे. मर्क्युरीचा दिवा आधी मंद, जांभळट उजळतो, चार-पाच मिनिटांत हिरवट निळ्या पांढऱ्या तेजाला येतो, आणि अंगणातली केळीची पाने अशी दिसतात की जणू ती आतून उजळली आहेत. सोडियमचा दिवा प्रथम फिका गुलाबी-निळसर, मग अगदी एकरंगी पिवळा, इतका की जास्वंदीचे लाल फूल करडे दिसते, आणि शेवटी सोनेरी होतो. जुन्या सीडीचा तुकडा तिरपा धरून प्रतिबिंब पाहिले तर मर्क्युरीच्या जांभळ्या, निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या रेघा सुट्या सुट्या दिसतात. बारीक फटीतून चांगल्या स्पेक्ट्रोस्कोपने पाहिले तर पूर्ण तापलेल्या सोडियममध्ये ५८९ नॅनोमीटरच्या जागी, म्हणजे जिथे सर्वांत जास्त उजेड हवा तिथेच, काळी पट्टी दिसते. कडेची थंड सोडियम वाफ स्वतःचाच तो प्रकाश शोषून घेते. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी त्या रात्री जेवायला उठलो नव्हतो. बंद केल्यावर लगेच पुन्हा बटण दाबू नये. तापलेला मर्क्युरी दिवा पाच-दहा मिनिटे पेटतच नाही.

सातवी पायरी: पावसाळ्यातून वाचवणे

गोव्यात संग्रहाचा खरा शत्रू ओल आहे. जून ते सप्टेंबरमध्ये पुठ्ठ्याला बुरशी येते, किनाऱ्याजवळ खारी हवा टोप्या खाते, आणि वाळवी तर खोकी आतून संपवून बाहेरचा रंग तेवढा शिल्लक ठेवते. म्हणून लाकडी फळीऐवजी लोखंडी रॅक, तोही बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा. झाकणाच्या प्लास्टिक पेट्यांत सिलिका जेलच्या पुरचुंड्या ठेवाव्यात, मृगाच्या आधी त्या वाळवून बदलाव्यात, आणि चतुर्थीच्या साफसफाईत प्रत्येक पेटी उघडून पाहावी. खोक्याला टेप लावू नये.

दिवा फुटलाच तर खिडक्या उघडून पाव तास खोलीबाहेर जावे. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. हातमोजे घालून तुकडे जाड कागदाने उचलावेत, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपावा आणि सर्व घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे. या दिव्यांत पारा आहे, सोडियमच्याही. त्यामुळे ते ओल्या-सुक्या कचऱ्यात न देता ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलनाकडे द्यावेत, आणि त्यासाठी गोवा वेस्ट मॅनेजमेंट कॉर्पोरेशनकडे किंवा आपल्या पालिकेकडे चौकशी करावी.

नोंदवही

हे काम दिवा घरी आला त्याच रात्री करावे, उद्यावर टाकू नये. प्रत्येक दिव्याला क्रमांक द्यावा, तो सुती दोऱ्याच्या चिठ्ठीवर लिहून टोपीला बांधावा, आणि तोच क्रमांक त्याच्या चोकावर व खोक्यावर पेन्सिलीने घालावा. वहीत कंपनी, खूण, वॅट, टोपीचा प्रकार, काचेवरची सर्व अक्षरे जशीच्या तशी, कोणाकडून आणि कोणत्या तारखेला मिळाला हे लिहावे. त्याखाली देणाऱ्याने सांगितलेली हकिगत त्याच्याच शब्दांत उतरवावी. दर वेळी पेटवला की किती मिनिटे जळला तेही मांडावे. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "क्र. १४. मर्क्युरी, १२५ वॅट, लेप आहे, तीन खिळ्यांची टोपी. चोक सोबत. फेरीच्या धक्क्यावरच्या चहाच्या गाड्यासमोरचा. देणारे म्हणाले, शेवटची फेरी लागली की हा दिवा बंद करून मी घरी जायचो."